कमरेइतकं पाणी

५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वेळेवर आलं. उत्तरच राहिलं, कारण कसं लिहावं ते ठरत नव्हतं. ‘काळजी करू नका’ अशी सुरुवात केली की तुम्ही हमखास काळजी करता, म्हणून सरळ सांगते.

मुंगीच्या पायाबद्दल आहे. ती घसरगुंडीवरून पडली त्याला वर्ष होत आलं. हाड उत्तम जुळलं आहे. डॉक्टरांनी दिव्यासमोर फिल्म धरून दाखवलंसुद्धा. पण ती अजून डावा पाय पुरता टेकवत नाही. टेकवल्यासारखं करते आणि तापलेल्या फरशीवर चालावं तशी चटकन उजव्यावर येते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला खोलीभर ये-जा करायला लावलं, बराच वेळ बघितलं आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या की पाय बरा झाला आहे, भीती बरी झालेली नाही. वाढीचं वय आहे. हीच चाल अंगात मुरली तर पुढे पाठ वाकडी होईल, आणि मग सुधारणं अवघड जाईल. हे ऐकल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही.

घरी ती किती चालते, असंही त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. जिने मी तिला कडेवर घेऊन चढते. शाळेत बसने जाते. मी दिवसभर टेबलाशी मुद्रितं तपासत बसते आणि ती माझ्या शेजारी चित्रं रंगवत बसते. तुमचे जावई पहाटे बेकरीत जातात आणि घरी आले की आडवे होतात. बाई म्हणाल्या, म्हणजे तुमच्या घरात कोणीच चालत नाही. रागावून बोलल्या असत्या तर इतकं लागलं नसतं.

त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे पाणी. पाण्यात अंगाचा भार हलका होतो, मूल विसरून पाय टेकतं. जवळच्या पोहण्याच्या तलावावर शनिवार-रविवारी सकाळी लहान मुलांचा वर्ग असतो. नियम मात्र असा की मूल पाण्यात तर आई किंवा बापही पाण्यात. काठावर टॉवेल धरून बसायला परवानगी नाही. बेकरीला सुट्टीच्या दिवशीच जास्त काम, तेव्हा जायचं मलाच. तिथल्या बाईंच्या गळ्यात शिट्टी असते, म्हणून मुंगीने पहिल्या भेटीतच त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवलं. त्यांनी मला पोहता येतं का विचारलं. मी हो म्हटलं.

बाबा, हे खोटं नाही ना झालं? तेव्हापासून मन खातं आहे. दम्यामुळे माझी चौथीपर्यंतची शाळा आपल्या घरातच झाली. आत्याने गणित शिकवलं, बाकी सगळं तुम्ही. पोहणंही तुम्हीच शिकवलंत, स्टुलावर पालथं निजवून, भिंतीला चित्रं टाचून. हात कधी पुढे आणि पाय कधी मागे, हे मला आजही झोपेत विचारलं तरी येईल. पाण्यात उतरायचं तेवढं राहून गेलं. आपल्या घरी एखादी गोष्ट नीट समजली की ती आली असंच धरायचे, त्या हिशेबाने मी हो म्हटलं. तरी ती चित्रं सापडली तर पाठवा. मुंगीलाही कालपासून स्टुलावर घेते आहे. तिला फारच आवडलं. त्यात पाय टेकवावा लागत नाही ना.

आत्याला नमस्कार. तुमची माया मला पुरून उरते, तरी हात आखडता घेऊ नका.

तुमची
मनी

१४ फेब्रुवारी

चि. मनीस,
अ. उ. आ.

चित्रं सापडली. सोबत पाठवत आहे. कागद पिवळे पडले आहेत, पण रेघ हललेली नाही. जन्मभर नकाशे काढले, त्यात इतक्या स्वच्छ आकृती मोजक्याच असतील. चौथ्या चित्रात गुडघ्याचा कोन मी आता थोडा सुधारला आहे, तो लाल पेन्सिलीने दाखवला आहे, त्याप्रमाणे करणे.

तू हो म्हणालीस त्यात मला खोटं काही दिसत नाही. ज्याला क्रिया कळली त्याच्या दृष्टीने पाणी हा तपशील आहे. श्वास मात्र तोंडाने घ्यायचा आणि नाकाने सोडायचा. उलट झालं तर घोटाळा होतो असं मी वाचलं आहे.

मुंगीच्या पायाचं वाचून दोन दिवस मन थाऱ्यावर नव्हतं. इथे आम्ही दोघं समोरासमोर चहा घेऊन बसतो आणि तो निवून जातो. तिला सांग की आजोबांनी एक नवा नकाशा काढायला घेतला आहे, तुमच्या घरापासून तलावापर्यंतचा. तुझ्या पत्रावरून रस्ते कळत नाहीत. कोपऱ्यावर काय काय आहे ते सविस्तर कळव.

जावयांना आशीर्वाद. त्यांना म्हणावं, झोप पुरी करा. वर्गाला जाऊन आल्यावर लगेच लिही. पत्राची वाट पाहण्याखेरीज इथे दुसरा उद्योग नाही.

तुझे
बाबा

ता. क. मनी, मी आत्या. तुझा बाप पाकीट चिकटवायच्या आत चार ओळी घुसडते आहे. या माणसाने समुद्र पाहिला तो निळ्या पेन्सिलीने रंगवताना. आंघोळीची बादली सोडली तर त्याच्या अंगाला पाणी लागलेलं मी पाहिलेलं नाही. चित्रं भिंतीला लाव, छान दिसतील. पण पाण्यात कुणाचा तरी हात धर. मांजरीचं नाव ठेवलंय तुला, जरा जपून.

२५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुझ्या एकटीच्या नावाने लिहिते आहे. बाबांना दाखवू नकोस. त्यांना वाईट वाटेल, आणि ते माझ्याच्याने बघवणार नाही. मी इथून बघू शकत नाही हे खरं, पण तुला कळलं मला काय म्हणायचं ते.

आत्या, माझी फजिती झाली. उथळ तलाव होता, माझ्या कमरेइतकं पाणी आणि मुंगीच्या छातीइतकं. बाकीच्या आया-बाबा मुलांना घेऊन नुसते उभे होते, बडबडत होते, पाणी उडवत होते. मुंगी पायरीवर कठड्याला घट्ट धरून उभी, उतरायलाच तयार नाही. मला वाटलं, आपण आधी करून दाखवावं. मी पहिल्या चित्राप्रमाणे हात जोडले, दुसऱ्याप्रमाणे अंग पुढे झोकलं आणि तिसऱ्या चित्रापर्यंत पोचलेच नाही.

खाली स्टूल नव्हतं गं. एवढंच सांगता येतं. पोटाखालचा आधारच गेला. नाकातोंडात पाणी शिरलं, वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना, हात तर कुठल्याच चित्रात नाहीत असे चालले होते. मी बुडते आहे असं मला अगदी खरोखर वाटलं. कमरेइतक्या पाण्यात. तेवढ्यात कोणीतरी माझा दंड दोन्ही हातांनी पकडला आणि वर ओढला. शिट्टीबाई असतील असं वाटलं. डोळे उघडले तर मुंगी. तिचे केस ओले, चेहरा पांढराफटक, आणि ती मोठ्यांदा सांगत होती, “आई, पाय टेकव. खाली जमीन आहे.”

मी पाय टेकवला. जमीन होती.

शिट्टीबाई तोवर आल्या. त्यांनी टॉवेल दिला. मी मुंगीला उचलून घरी आणली.

आता मी ठरवलं आहे की मी जाणार नाही. ज्या आईने भीती घालवायची तिनेच लेकीसमोर अशी तडफड केली, तर ती पोर उद्या पाण्याच्या वाऱ्यालाही उभी राहणार नाही. हे म्हणतात की मी बेकरीत बोलून सुट्ट्या बदलून घेतो आणि तिला घेऊन जातो. लहानपणी ते नदीत पोहत, त्यांना खरं येतं. तेच बरं. पण सुट्टी बदलून मिळायला महिना-दोन महिने जातील, आणि तेवढ्यात ती चाल पक्की झाली तर? दुसरं म्हणजे, मुंगीला हे सांगितलं तर तिने मान वर केली नाही. नुसती रंगवत बसली. तिच्या मनात काय आहे ते मला कळत नाही.

तू सांगशील तसं करीन. माझ्यावर हस, पण थोडंच.

तुझी
मनी

८ मार्च

चि. मनीस,
अ. उ. आ.

हे पत्र आत्या सांगते आहे आणि बाबा लिहितो आहे. त्याला इलाज नाही. परवा माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं काम झालं. तुला आधी कळवलं नाही, कळवलं असतं तर तू तिकडे उपाशी बसली असतीस. आता डोळ्यावर पट्टी आहे आणि वाचायला मनाई. तेव्हा तुझं गुपित पत्र कोणी वाचून दाखवलं असेल ते तूच ओळख. ‘बाबांना दाखवू नकोस’ हे वाक्यही त्याने ठणठणीत आवाजात वाचलं.

(मी ते वाचून थांबलो होतो. हिनेच पुढे वाच म्हणून सांगितलं. — बाबा)

हसले मी, खोटं का बोलू. पट्टीखालून डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले, डॉक्टर रागावतील. मग याला म्हटलं, ती ओढून काढल्याची ओळ पुन्हा वाच. त्याने वाचली. मग आणखी एकदा वाचायला लावली.

मनी, तू मुद्रितं तपासतेस, दुसऱ्यांच्या चुका अचूक पकडतेस, आणि स्वतः लिहिलेलं वाचत नाहीस. पोर कठड्याला धरून पायरीवर होती. कठडा सोडून ती खाली उतरली, तुझ्यापर्यंत आली, आणि दोन्ही हातांनी तुझ्यासारख्या धडधाकट बाईला वर ओढलं. एका पायावर उभं राहून ओढता येतं का असं? करून बघ. मी पट्टीसकट याला खुर्चीतून ओढायला गेले, एका पायावर. दोघंही कॉटवर पडलो.

(हे खरं आहे. — बाबा)

तेव्हा जावयांना म्हणावं, तुम्ही पाव भाजा. पोरीला पोहणारी आई नको आहे. तिला कोणाला तरी सांभाळायचं आहे. वर्षभर सगळे तिलाच सांभाळतायत, कंटाळली असेल. जा तिच्याबरोबर, आणि शिट्टीबाईंना खरं ते सांग.

पुढचं मी माझ्या मनाने लिहितो आहे, ही झोपली आहे. मनी, मी ती चित्रं परत पडताळून पाहिली. माझ्याकडे नकला आहेत. त्यात चूक काही नाही. फक्त पाणी काढायचं राहिलं आहे. सगळ्या आकृत्या कोऱ्या कागदावर आहेत. हे माझ्या लक्षात इतक्या वर्षांत कसं आलं नाही याचं नवल वाटतं. तू ठीक आहेस ना, एवढं कळव. लपवायचं असेल ते जरूर लपव, पण ठीक असल्याचं लपवू नकोस.

दोघांचा जीव तुझ्यात आहे, तो तसाच आहे असं समजावं.

तुझे
आत्या आणि बाबा

२ एप्रिल

ती. बाबा आणि ती. आत्या यांस,
सा. न. वि. वि.

आत्या, डोळा कसा आहे? मला कळवलं नाहीस याचा राग मी पुढच्या भेटीपर्यंत राखून ठेवला आहे. बाबा, मी ठीक आहे. अगदी खरोखर.

तुमचं पत्र आलं त्याच शनिवारी आम्ही गेलो. मी मुंगीला विचारलं, तुझ्या बाबांबरोबर जायचं की माझ्याबरोबर. ती म्हणाली की बाबांना येतं, आईलाच शिकवायला पाहिजे. असं म्हणून तिने स्वतःच पिशवी भरली. शिट्टीबाईंना मी सांगितलं की मला पोहता येत नाही, मला पोहण्याची माहिती आहे. त्या म्हणाल्या, पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण तुम्ही इतक्या आत्मविश्वासाने उडी घेतलीत की थांबवायला वेळच मिळाला नाही.

आता आम्ही दोघी पाण्यात नुसत्या चालतो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, हात धरून. आधी मी तिचा धरत होते, आता ती माझा मनगटाजवळ पकडते, रस्ता ओलांडताना मी पकडते तसा. मास्तरीण म्हणून फार कडक आहे. मी नाक धरलं की ओरडते. तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे असतात, ते मी डोळे मिटून केले तर धरत नाही, परत करायला लावते. मागच्या वेळी तिने शिट्टीबाईंना सांगितलं की आमची आई हुशार आहे, फक्त जरा घाबरट आहे, हळूहळू होईल. हे वाक्य तिने कुठून उचललं ते मला ठाऊक आहे. दवाखान्यात मी तिच्याबद्दल असंच बोलत असते, तिच्यासमोर.

तलावावर जायला आता बस घेत नाही, चालत जातो. बाबा, नकाशासाठी लिहून घ्या: आमच्या दारातून निघालं की चाव्या करून देणाऱ्याचं दुकान, मग वाचनालयाची लांब भिंत, मग कपडे धुण्याच्या मशिनींचं दुकान, तिथे एक काळं मांजर खिडकीत बसतं, आणि मग तलावाचं हिरवं फाटक. परत येताना आमचे हे बेकरीतून थेट भिंतीपाशी येऊन थांबतात आणि तिघं मिळून घरी येतो. ते पेंगत चालतात. मुंगी त्यांना मागून ढकलते.

माझे खांदे असे दुखतात की कपाटातली वरची बरणी काढता येत नाही. पण दम लागला नाही, हे आत्याला मुद्दाम सांगते.

एक मात्र आहे. पाण्यात ती दोन्ही पायांवर चालते. जमिनीवर आली की पुन्हा तेच. पायऱ्या चढून बाहेर आली की डावा पाय उचललाच. व्यायामाच्या बाई म्हणतात, थांबा. मी थांबते, पण डोळे थांबत नाहीत. तलावावरून निघाल्यापासून घरी येईपर्यंत माझी नजर तिच्या टाचेवर. आज तिने मला सांगितलं की तू पायाकडे बघतेस ना, मग तो लाजतो. मी म्हटलं, बघत नाही. ती म्हणाली, आत्तासुद्धा बघते आहेस. बघत होते.

काय करू? एखाद्या पानात चूक आहे हे माहीत असताना पान उलटायची मला सवय नाही.

तुमच्या मायेची ऊब इथवर पोचते, तेवढी पोचत राहू दे.

तुमची
मनी

१२ एप्रिल

चि. मनीस,
अ. उ. आ.

आत्याची पट्टी सुटली. पहिलीच गोष्ट तिने केली ती म्हणजे माझी दाढी नीट झालेली नाही हे सांगितलं. तेव्हा दृष्टी उत्तम आहे.

नकाशा पुरा झाला. मांजर खिडकीत दाखवलं आहे. नकाशा काढताना असं मनात आलं की तुमचा रस्ता मला आता आमच्या गल्लीपेक्षा चांगला माहीत आहे, म्हणून आम्ही दोघं संध्याकाळी आमच्या गल्लीत फिरायला निघालो. मागच्या बाजूला एक बाग आहे. इतकी वर्षं इथे राहतो, तिथे आत गेलो नव्हतो. आत्या माझ्यापेक्षा भरभर चालते आणि वळणावर थांबून टोमणे मारते. रोज जातो.

तू विचारलंस काय करू. आत्याचं म्हणणं, स्वतःला काहीतरी अवघड काम लावून घे. मी त्यात भर घालत नाही. मी तुला पुष्कळ शिकवलं, पण न बघता कसं राहायचं ते मला शिकवता यायचं नाही. तुझी शाळेतून परत यायची वेळ झाली की मी पाचवीपासून कॉलेजपर्यंत खिडकीत असे. तू दिसलीस की आत जाऊन बसे, म्हणजे तुला कळू नये.

जावयांना आणि मास्तरीणबाईंना आशीर्वाद. आहोत तसे तुझेच आहोत.

तुझे
बाबा

१८ मे

ती. बाबा आणि ती. आत्या यांस,
सा. न. वि. वि.

नकाशा आला. मुंगीने तो दाराच्या आतल्या बाजूला लावला आहे आणि निघण्यापूर्वी त्यावर बोट फिरवून आम्हा दोघांना रस्ता समजावून सांगते, जणू आम्ही पाहुणे आहोत.

बाबा, तुम्ही खिडकीत उभे असता हे मला ठाऊक होतं. मी कोपऱ्यावरून वळताना दप्तर सरळ करायची, तुम्हाला बरं दिसावं म्हणून.

आत्याने सांगितलं तसं मी अवघड काम घेतलं. पाठीवर तरंगायचं. शिट्टीबाईंच्या मते हे सगळ्यात सोपं आहे, कारण यात काहीच करायचं नसतं. मला तेच जमेना. मान ताठ, हात मुठीत, आणि डोळे सारखे मुंगी कुठे आहे ते शोधताहेत. मान वळली की मी बुडालेच. मुंगी माझ्या डोक्याखाली तळहात धरून उभी राहायची आणि दमून म्हणायची की आई, तू छताकडे बघ ना, छत पळून जात नाही.

आज ते जमलं. कसं जमलं ते सांगता येणार नाही. कान पाण्याखाली गेले आणि सगळा गलका एकदम बंद झाला. वर छताला काचा आहेत, त्यातून ढग सरकत होते. मुंगीचा हात डोक्याखालून कधी निघाला कळलं नाही. मी काहीच करत नव्हते. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण तेवढा वेळ मी कोणाचीही काळजी केली नाही. आत्या, मी असं कधी केलं आहे का? मला तर आठवत नाही.

उभी राहिले तेव्हा मुंगी शेजारीच होती, हातात एक तरंगती फळी. मला वाटलं, कोणीतरी दिली असेल. काठावरून शिट्टीबाईंनी मला विचारलं की पाहिलंत ना. मी विचारलं, काय. मग त्यांनी सांगितलं: मुंगी पायऱ्या चढून वर गेली, कठड्याला हात न लावता. तलावाला वळसा घालून पलीकडच्या भिंतीपाशी फळ्या ठेवतात तिथपर्यंत चालत गेली. दुसऱ्या एका मुलाशी फळीवरून भांडली. फळी दोन्ही हातांत घेऊन तशीच परत आली, पायऱ्या उतरली. दोन्ही पाय पुरते टेकवून. आईला लागेल म्हणून आणली, असं तिने त्यांना सांगितलं होतं.

वर्षभर मी ज्याची वाट पाहिली, ते झालं आणि मी ढग बघत होते.

मुंगीला तर काही पत्ताच नव्हता. ती मला फळी कशी धरायची ते समजावत होती. मी तिला म्हणणार होते की पुन्हा एकदा वर जाऊन ये बघू. तोंडापर्यंत आलं होतं. मग मी फळी घेतली आणि ती सांगेल तशी धरली.

बाहेर आल्यावर केस पुसून आम्ही फाटकातून निघालो. हे अजून यायचे होते, ते वाचनालयाच्या भिंतीपाशी भेटणार होते. एरवी मी तिच्या मागून चालते. आज मी पुढे झाले. मागून तिच्या ओल्या चपला वाजत होत्या आणि ती त्या मुलाच्या भांडणाची हकीकत सांगत होती, तिची बाजू कशी बरोबर होती ते. मी हं हं म्हणत भिंतीपर्यंत आले. एकदाही वळून पाहिलं नाही.

दोघांना नमस्कार. आम्हां तिघांवर आहे ती माया तशीच असू द्यावी.

तुमची
मनी